धंदा कोन्या महिन्यातला सांगू? एका जिनिंग मजुराच्या भरपाईचं प्रकरण

कामावर अपघात झाला तर भरपाई कशावरून ठरते, असं विचारलं की बहुतेक जण जखमेकडे बोट दाखवतील. या प्रकरणात जखमेबद्दल कुणाचंच दुमत नव्हतं. उजव्या हाताची तीन बोटं गेलेली सगळ्यांना दिसत होती. सव्वा वर्ष वाद चालला तो एवढ्याच मुद्द्यावर, की हा माणूस नेमकं काम काय करतो.

प्रकरण वर्धा जिल्ह्यातलं, २०२१-२२ च्या कापूस हंगामातलं. माणूस, गाव आणि कारखाना ओळखू येईल असे तपशील काढून टाकले आहेत. गावात सगळे त्यांना भाऊ म्हणतात, इथेही तेच नाव ठेवतो. ग्रामपंचायतीत, संघटनेत किंवा विधी सेवेच्या शिबिरात जे लोक मजुरांचे कागद घेऊन बसतात, त्यांच्या उपयोगाचं यात काही आहे असं वाटतं.

पार्श्वभूमी

भाऊ तेव्हा चाळीस वर्षांचे. शिक्षण सातवी. नावावर दोन एकर कोरडवाहू. घरी त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, बारावीतली मुलगी आणि आठवीतला मुलगा. दोन एकरांवर घर चालत नाही हे विदर्भात कुणाला समजावून सांगायला नको, त्यामुळे भाऊंचं वर्ष तुकड्यातुकड्यांत जातं.

मृग लागला की स्वतःच्या वावरात कपाशीची टोबणी. मग दुसऱ्याच्या बैलजोडीवर डवरणी. श्रावण-भादव्यात पाठीवर पंप घेऊन फवारणी. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने माणसं मेली, तेव्हापासून या कामाचे पैसे थोडे वाढले आणि करायला तयार होणारे कमी झाले. भाऊ तयार होणाऱ्यांपैकी. दसऱ्याच्या सुमारास सोयाबीनची सोंगणी आणि थ्रेशरवरचं काम. दिवाळी झाली की जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायच्या कारखान्यातलं काम. ते चालतं साधारण चार-पाच महिने, कापसाची आवक टिकली तर त्याहून थोडं जास्त. उन्हाळ्यात वीटभट्टी, विहिरीचं खोदकाम किंवा कुणाचं घर चाललं असेल तर मिस्त्रीच्या हाताखाली. लग्नसराईत मांडवाच्या गाडीवरही जातात.

पहिल्या भेटीत फॉर्म भरताना त्यांना नेहमीचा प्रश्न विचारला होता, धंदा काय? ते म्हणाले, "कोन्या महिन्यातला सांगू जी?" तेव्हा सगळे हसले. पुढे हाच प्रश्न समोरच्या वकिलांनी फिरवून फिरवून विचारला, तेव्हा कुणी हसलं नाही.

त्यांच्या वडिलांच्या बाबतीत हा प्रश्नच नव्हता. ते नागपूरला कापडगिरणीत होते, आधी बदली म्हणून, मग कायम. नागपूर, पुलगाव, हिंगणघाट, बडनेरा या गावांत गिरणीच्या भोंग्यावर वस्त्या चालत तो काळ. कुणी सूतखात्यात, कुणी साचेखात्यात, कुणी जॉबर, पण विचारलं की उत्तर एकच, गिरणी कामगार. गेटपास, पगारपत्रक, फंडाचा नंबर. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ ला सुरू झाली आणि १८९५ पासून अपघाताची भरपाई देऊ लागली होती, म्हणजे देशात त्याचा कायदा व्हायच्या अठ्ठावीस वर्षं आधी. गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. भाऊंचे वडील गावी परतले आणि मुलाला वारशात दोन एकर मिळाले, गेटपास मिळाला नाही.

भाऊंकडे कागद मात्र कमी नव्हते. उलट जास्तच होते. सातबाऱ्यावर ते शेतकरी. जॉबकार्डावर रोजगार हमीचे मजूर. बांधकाम कामगार मंडळाचं कार्डही काढलेलं, कारण मुलांना शिष्यवृत्ती मिळते आणि गावात सगळेच काढत होते. त्यासाठी वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो, तो कुणीतरी दिला होता. ऑगस्ट २०२१ मध्ये असंघटित कामगारांच्या नोंदणीचं ई-श्रम सुरू झालं तेव्हा केंद्रावरच्या पोराने न विचारताच शेतमजूर हा पर्याय निवडला. चार कागद, चार धंदे. जिनिंगचा त्यात कुठेच पत्ता नाही.

जनगणनेत घातलं तरी हेच होईल. तिथे वर्षातले सहा महिने किंवा जास्त काम करणारा मुख्य कामगार, आणि वर्गवारी शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योग आणि इतर. जिनिंगवाला बसतो इतरमध्ये. पण भाऊंचे जास्त महिने जातात मातीत, म्हणून ते तिथेही शेतमजूरच ठरतील. सरकारच्या लेखी गाव शेतीचं राहतं आणि जिनिंगच्या फाटकातून रोज रात्री आठ वाजता आत जाणारी माणसं कुठेच मोजली जात नाहीत.

घटना

जिनिंग तालुक्याच्या गावाबाहेर, हमरस्त्याला लागून. डबल रोलरचे रेचे, म्हणजे रुई आणि सरकी वेगळी करणारी यंत्रं, दोन ओळींत. रेच्यात चामड्याचे दोन रोलर फिरतात, त्यांना टेकून स्थिर पाती असतात आणि मधला पाता वरखाली हलत राहतो. रोलर रुई ओढून घेतो, सरकी खाली पडते. कापूस ओला असला किंवा त्यात कवडी, दोरा, खडा आला की रेचा तुंबतो. नियमाप्रमाणे तो बंद करून साफ करायचा. पण मजुरी मुकादमाला क्विंटलवर मिळते आणि मुकादम टोळीला रोजाने देतो. रेचा बंद म्हणजे मुकादमाचं नुकसान, आणि रात्रपाळीत ते तोंडाने सांगावं लागत नाही.

११ फेब्रुवारी २०२२, पहाटे चारच्या सुमाराला भाऊ तुंबलेला कापूस हाताने ओढत होते. रेच्यावरची जाळी पंधरवड्यापासून काढून भिंतीला टेकवून ठेवली होती. उजव्या हाताची तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका रोलर आणि पात्याच्या मधे गेली. शेजारच्या रेच्यावरच्या, मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या पोराने पट्टा उडवला म्हणून हात मनगटापर्यंत गेला नाही.

मुकादमाने स्वतःच्या गाडीत घालून ग्रामीण रुग्णालयात नेलं. माणूस वाईट नाही, वेळ न घालवता नेलं हे खरं. पण केसपेपर करताना डॉक्टरांनी विचारलं, कशाने झालं, आणि मुकादमाने सांगितलं, "घरी कडबाकुट्टीत हात गेला." भाऊ शुद्धीत होते, बोलण्याच्या स्थितीत नव्हते. कडबाकुट्टी म्हणजे चारा कापायचं यंत्र. कागदावर ते एक वाक्य उतरलं. तिथून सकाळी सेवाग्रामच्या रुग्णालयात पाठवलं. तिथे वहिनी पोचल्या होत्या, त्यांनी जिनिंगच्या मशीनमध्ये असं सांगितलं आणि तसं लिहिलं गेलं. आता एका हाताच्या एकाच जखमेचे दोन इतिहास तयार झाले होते.

अडचण

पाचव्या दिवशी मुकादम शंभर रुपयांचा स्टँप घेऊन वॉर्डात आला. चाळीस हजार घ्या, पुढे कसलीच तक्रार नाही असं लिहून द्या, पुढल्या हंगामात शेठ गेटवर चौकीदार म्हणून ठेवतील. भाऊंचे मेहुणे म्हणाले, घेऊन टाक. दवाखान्यातला चहासुद्धा उधारीवर चालला होता.

या टप्प्यावर बहुतेक प्रकरणं संपतात. हे संपलं नाही याचं श्रेय वहिनींचं. त्यांनी स्टँपवर सही केली नाही, पण पैसेही नाकारले नाहीत. दहा हजार घेतले आणि मुलीकडून वहीच्या पानावर लिहून घेतलं, "आज दि. १६/२/२२ ला जिनिंगमध्ये हात गेला त्याच्या औषधपाण्यासाठी १०,००० रु. मिळाले." खाली मुकादमाची सही घेतली. निळ्या शाईचं, चौकटीच्या वहीचं ते पान. नंतर जमवलेल्या सगळ्या कागदांपेक्षा ते जास्त कामाला आलं, कारण जिनिंगमध्ये हात गेला हे त्यावर मुकादमाने स्वतः मान्य केलं होतं. औषधाचा खर्च हा भरपाईत धरायचा नसतोच, तो मालकाने वेगळा द्यायचा, अशी तरतूद कायद्यात आहे. वहिनींना ती ठाऊक नव्हती. त्यांचं म्हणणं साधं होतं, औषधाचे पैसे औषधाचे, बोटांचे नाही.

पुढे असलेले पर्याय

महिन्याभराने भाऊ घरी आले तेव्हा ओसरीवर बसून पर्यायांचा विचार झाला. गावातल्या प्रत्येकाकडे एक सल्ला होता.

सगळ्यात ओढ लावणारा पर्याय शेतकरी अपघात विम्याचा. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या योजनेत मृत्यूला दोन लाख आणि एक अवयव निकामी झाला तर एक लाख मिळत होते. सातबारा नावावर आहे, ग्रामीण रुग्णालयाच्या कागदावर कडबाकुट्टी आधीच लिहिलेली आहे, पंचनामा करून देणारे भेटतील. यात दोन खोट. तीन बोटं म्हणजे पूर्ण हात गेला असं विमा कंपनी मानेलच याचा भरवसा नव्हता. आणि एकदा शेतात अपघात झाला असं प्रतिज्ञापत्रावर लिहून दिलं की जिनिंगच्या मालकाकडे मागायचा दरवाजा स्वतःच्या हाताने बंद. खोटं लिहू नये हा मुद्दा आहेच, पण भाऊंना तो सांगावा लागला नाही. ते म्हणाले, "माह्या घरी बैल नाही, कडबाकुट्टी कायले ठेवीन?"

दुसरा पर्याय कामगार विमा, म्हणजे ईएसआय. तो एका वाक्यात निकाली निघाला. ईएसआयचा कायदा हंगामी कारखान्यांना लागू नव्हता, आणि हंगामी कारखान्याच्या व्याख्येत पहिलंच नाव कापसाच्या जिनिंगचं होतं. विदर्भात शेकडो जिनिंग आहेत आणि कामगारांच्या सगळ्यात मोठ्या विमा योजनेतून त्या नावानिशी बाहेर आहेत, हे तालुक्याच्या ठिकाणी कागद भरून देणाऱ्यांनाही फारसं माहीत नसतं. पगारातून ईएसआय कापतात का, हे विचारण्यात लोक महिने घालवतात.

तिसरा, चाळीस हजारांवर तडजोड. तो अजून उघडा होता, आता साठपर्यंत गेला होता.

चौथा, १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याखाली अर्ज. अपघातापासून दोन वर्षांत करायचा, म्हणजे वेळ होता. मजूर कंत्राटदाराचा असला तरी मुख्य मालकाकडे भरपाई मागता येते, मालकाने ती नंतर कंत्राटदाराकडून वसूल करावी. आणि भरपाईचा समझोता या कायद्याखालच्या आयुक्तांकडे नोंदवला नसेल तर त्याच्या आधाराने मालकाची सुटका होत नाही. म्हणजे त्या शंभराच्या स्टँपवर वहिनींनी सही केली असती तरी सगळं संपलं नसतं. (२१ नोव्हेंबर २०२५ पासून हा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेला. हे प्रकरण आधीचं, म्हणून जुन्या कायद्याप्रमाणेच मांडतो.)

चौथा पर्याय कागदावर सरळ दिसतो. ओसरीवर तो तसा नव्हता. गावातले दहा-बारा जण त्याच मुकादमाच्या टोळीत होते. मुकादम शेजारच्या गावचा, वहिनींच्या माहेरच्या नात्यातला. त्याला सामनेवाला, म्हणजे विरुद्ध पक्ष, केला तर पुढल्या हंगामात टोळीत कुणाला घेणार? एका म्हाताऱ्याने स्पष्ट विचारलं, "तुही तीन बोटं गेली, आमच्या घरचे दहा हात काहून थांबवतं?" या प्रश्नाला कायद्यात उत्तर नाही. दोन दिवस भाऊ कुणाशी बोलले नाहीत. शेवटी ठरलं ते असं, की नोटीस आधी फक्त मालकाला द्यायची आणि मुकादमाला तोंडी सांगून ठेवायचं की तुझं नाव कायद्याने घालावं लागेल, पण पैसे शेठकडून मागतो आहोत. मला हा निर्णय तेव्हा गुळमुळीत वाटला होता. पण त्यामुळे गावातलं बोलणं तुटलं नाही, आणि ते पुढे कामाला आलं.

काय केलं

आधी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे तक्रार. अपघातामुळे कामगार ४८ तास किंवा त्याहून जास्त कामावर येऊ शकत नसेल तर कारखान्याने कळवायचं असतं, ते कळवलेलं नव्हतं. निरीक्षक आले एप्रिलमध्ये, जिनिंग बंद व्हायला आलं होतं तेव्हा. माहितीच्या अधिकारात त्यांचा अहवाल मागवला. त्यात जाळी बसवलेली आढळली असं होतं, आणि पुढे एक ओळ, जाळीचे नट-बोल्ट नवीन दिसतात. त्या शेडमध्ये गेलेल्या माणसाला या ओळीचा अर्थ कळतो. हंगामाच्या शेवटी तिथे भिंती, पंखे, वायर, माणसांच्या भुवया, सगळ्यावर रुईची लव बसलेली असते. चार नट तेवढे चकचकीत.

मग मजुरीचा पुरावा. हजेरीपत्रक मागितलं तर मालकाकडून उत्तर, असा कुणी आमच्याकडे नव्हता. मुकादमाची दोनशे पानी वही मुकादमाकडे. इथे मुलगी उपयोगी पडली. भाऊंकडे साधा फोन, म्हणून मुकादम दर रविवारी मजुरी तिच्या नंबरवर फोनपेने टाकत होता. अंक जुळवले की रोज ४५० रुपये आणि कामाचे दिवस दोन्ही निघत होते. २० नोव्हेंबर ते ११ फेब्रुवारी हे ८४ दिवस, त्यातले कामाचे ७४, मजुरी ३३,३०० रुपये. सलग चौदा दिवसांहून मोठा खाडा कुठेच नाही. हे चौदा दिवस महत्त्वाचे, कारण त्याहून जास्त गैरहजेरी असेल तर कायदा कामाची सलगता तुटली असं मानतो.

साक्षीदारांचं काम सगळ्यात अवघड गेलं. गावातल्या दोघांनी, आम्ही पाहिलं पण सांगणार नाही, असं प्रामाणिकपणे सांगितलं. बालाघाटचा पोरगा हंगाम संपल्यावर घरी गेला होता. फोनवर तो सगळं सांगत होता, पण फोनवरचं बोलणं म्हणजे साक्ष नव्हे. पोलीस पाटलांनी मात्र लिहून दिलं, की भाऊंच्या घरी ना बैल आहे ना कडबाकुट्टी.

अर्ज जून २०२२ मध्ये दाखल झाला. वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून, उत्पन्नाच्या निकषावर, फी न देता मिळाले.

सुनावणीत मालकाच्या बाजूने तीन मुद्दे आले. पहिला, हा माणूस आमचा नाहीच, आणि पुराव्यादाखल सातबारा, जॉबकार्ड, बांधकामाचं कार्ड आणि ई-श्रम. चारही कागद खरे होते. भाऊंना उलटतपासणीत विचारलं, तुम्ही शेतकरी आहात की नाही? आहो. बांधकाम मजूर आहात? आहो. मग जिनिंग कामगार कसे? भाऊ म्हणाले, दिवाळी ते होळी तोही आहो. दुसरा मुद्दा, चालू रेच्यात हात घालणं ही बेशिस्त. त्यावर उत्तर असं, की नुसता निष्काळजीपणा पुरत नाही. स्पष्ट दिलेला हुकूम जाणूनबुजून मोडला किंवा सुरक्षेचं साधन मुद्दाम काढलं असं दाखवावं लागतं, आणि जाळी भाऊंनी काढली नव्हती.

तिसरा मुद्दा खरा पैशाचा. मालकाचे वकील म्हणाले, तात्पुरतं मान्य करू की तो कामगार होता. पण तो वर्षातले पाच महिनेच काम करतो, तेव्हा १५० दिवसांचे ६७,५०० भागिले बारा, महिन्याची मजुरी ५,६२५. आमच्या बाजूचं म्हणणं, नोकरी बारा महिन्यांहून कमी असेल तर कायदा वर्षाने भागत नाही. अपघाताआधीच्या सलग काळातली मजुरी घ्यायची, तीसने गुणायचं, त्या काळाच्या दिवसांनी भागायचं. ३३,३०० गुणिले ३० भागिले ८४, म्हणजे ११,८९३. त्याचे साठ टक्के, गुणिले कायद्यात वयाप्रमाणे दिलेला चाळिसाव्या वर्षाचा गुणक १८४.१७, आणि एका हाताची तीन बोटं गेल्याचे कायद्याच्या अनुसूचीतले तीस टक्के. मालकाच्या हिशोबाने भरपाई येते सुमारे १,८६,४७२ आणि आमच्या हिशोबाने ३,९४,२६०. बोटं तीच, वय तेच. फरक दोन लाखांहून जास्त, आणि तो फक्त हंगामी माणसाचा महिना कसा मोजायचा यावर.

आणखी एक वाट होती. सर्वोच्च न्यायालयाचा १९७५ चा प्रतापनारायण सिंग देव विरुद्ध श्रीनिवास सबाता हा निकाल. त्यातला कामगार सुतार होता, त्याचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून न्यायालयाने त्याचं नुकसान अनुसूचीच्या टक्क्यांवर न थांबवता पूर्ण मानलं. म्हणजे जखम किती यासोबत काम कोणतं हेही पाहायचं. भाऊंच्या बाबतीत हे लावायचं तर सांगावं लागलं असतं की त्यांच्या कुठल्याच कामाला तो हात पुरत नाही. आणि ते खरंच होतं. पंपाचा दांडा धरता येत नाही, डवऱ्याच्या रुमण्यावर दाब देता येत नाही, विटा उचलताना चिमटीत धरता येत नाहीत. कापूस वेचायला तर बोटांची टोकंच लागतात. बोंडातून कापूस काढताना आता ते डावा अंगठा आणि तर्जनी वापरतात, उजव्या हाताच्या उरलेल्या दोन बोटांनी नुसतं बोंड स्थिर धरतात. वहिनी एक ओळ संपवून दुसरीच्या मध्यावर येतात तेव्हा त्यांची पहिली संपत असते. पण डॉक्टरांच्या दाखल्यात यातलं काही नव्हतं. त्यात बोटांची नावं आणि टक्के होते.

निकाल

नोव्हेंबरमध्ये नवा हंगाम लागला आणि बालाघाटचा पोरगा परत आला, पण दुसऱ्या जिनिंगवर. आता त्याला या शेठची भीती नव्हती. त्याने साक्ष दिली. वहीच्या पानावरची सही आपलीच, हे मुकादमानेही कबूल केलं. गावातलं बोलणं तुटलं नव्हतं त्याचा हा फायदा. त्यानंतर मालकाकडून तडजोडीचा निरोप आला, आधी अडीच लाख, मग तीन, मग साडेतीन.

शेवटचा निर्णय मे २०२३ मधला. साडेतीन लाख घ्यायचे की निकालापर्यंत थांबायचं? थांबलं तर पूर्ण रकमेची चांगली शक्यता होती, शिवाय बारा टक्क्यांनी तोवरचं सुमारे ५५ हजार व्याज, आणि उशिराबद्दल दंडही लागू शकला असता. विरुद्ध बाजूला अपिलाची भीती, पेरणी तोंडावर, मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशाचे पैसे भरायचे दिवस. भाऊंनी साडेतीन लाख घेतले. समझोता आयुक्तांसमोर नोंदवला, रक्कम खात्यावर आली. माझं मत आजही आहे, की आणखी सहा महिने निघाले असते तर बरं झालं असतं. पण ते सहा महिने काढायचे होते त्यांना. फीची तारीख ३१ मे होती, आणि कुठल्याही न्यायालयाची तारीख तेवढी पक्की नसते.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात महाग पडलं ते कडबाकुट्टीचं वाक्य. त्यावर सुनावणीचे कित्येक महिने गेले. गाडीत मुकादमाबरोबर घरचं किंवा टोळीतलं कुणी एक जण बसलं असतं आणि डॉक्टरांसमोर जिनिंग एवढा एकच शब्द बोललं असतं तर हा वाद उभाच राहिला नसता. सेवाग्रामला खरा इतिहास लिहिला गेला, तेव्हाच ग्रामीण रुग्णालयाला अर्ज देऊन पहिला कागद चुकीचा आहे असं कळवता आलं असतं. ते चार महिन्यांनी झालं, आणि समोरच्यांनी त्याला वकिलाने सुचवलेली सारवासारव म्हटलं.

साक्षीदारांचं म्हणणं एप्रिलमध्ये, टोळी पांगायच्या आत, प्रतिज्ञापत्रावर घ्यायला हवं होतं. परप्रांतातल्या मजुराचा फोन नंबर घेऊन ठेवणं पुरत नाही. सिमकार्ड हंगामाबरोबर बदलतं.

तीस टक्क्यांच्या पुढे जायचं असेल तर त्याची तयारी अर्जाआधी करावी लागते. डॉक्टरांकडे नुसता हात घेऊन जाऊ नये, महिन्यावार कामांची यादी घेऊन जावं. जून, डवरणी, उजव्या हाताने काय करतो. सप्टेंबर, फवारणी. जानेवारी, रेचा. प्रत्येक कामापुढे आता जमतं की नाही. अशी यादी जोडली असती तर चार धंद्यांचे चार कागद, जे मालकाने भाऊंच्या विरोधात वापरले, ते त्यांच्या बाजूनेही बोलू शकले असते. बारा महिन्यांत सहा कामं करणाऱ्याचा हात गेला तर सहाही कामं जातात, हे कुणीतरी कागदावर मांडायला हवं होतं.

ई-श्रमवर मुख्य कामाबरोबर दुय्यम काम नोंदवता येतं. गावातल्या टोळीतल्या बऱ्याच जणांनी नंतर केंद्रावर जाऊन तिथे जिनिंग घालून घेतलं. बांधकामाच्या कार्डाचं काय करायचं यावर एकमत नाही. ते ठेवलं तर शिष्यवृत्ती राहते, पण असं भांडण उभं राहिलं की ते समोर येतं. मी ते परत करा असं कुणाला सांगत नाही. दाखला खऱ्या दिवसांचा घ्या, एवढं सांगतो.

भाऊ आता पुन्हा जिनिंगवर जात नाहीत. एक म्हैस घेतली आहे, आणि धारा वहिनी काढतात. मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षात गेली. मुकादमाने पुढच्याच हंगामापासून फोनपे बंद केलं, रविवारी रोख देतो आणि वही खिशात ठेवतो. टोळीतले काही तरुण चुकाऱ्याच्या वेळी वहीच्या पानाचा फोटो मागू लागले. त्यातल्या दोघांना यंदा त्याने टोळीत घेतलं नाही. ते बुटीबोरीला एका कंत्राटदाराकडे लागले आहेत. तिथे कार्ड मिळतं, पण त्यावर हेल्पर एवढंच लिहिलेलं असतं.